घरचा स्विमिंग पूल तापवायचा: सोलर की हीट पंप?

बावधनच्या मावसभावाचं घोडं इथेच अडलंय.

आधी जागा. सोलरची पॅनेल पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून जास्त, कधी तेवढीच गच्ची खातात. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं विजेवरचं यंत्र) अंगणाच्या कोपऱ्यात मावतो, फक्त त्याची घरघर शेजाऱ्यांच्या बेडरूमखाली नको.

चालवायचा खर्च? सोलरला पाणी फिरवणाऱ्या मोटारीचंच काय ते बिल. हीट पंप 1 युनिट विजेत साधारण 4-5 युनिट उष्णता देतो. 40,000 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 46 युनिट उष्णता लागते, म्हणजे दहाएक युनिट वीज. पहिल्यांदा 6-7 अंश चढवताना मीटर पळणारच.

‘वर्षभर फुकट गरम पाणी’ वगैरे सोडून द्या. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत ऊन लख्ख, पण रात्री पारा 10-12 अंशांवर येतो आणि दिवसाची कमाई पहाटेपर्यंत बरीचशी उडून जाते. पावसाळ्यात तर सोलरचा उपयोग यथातथाच.

काहीही घ्या, रात्री वर कव्हर हवंच. सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनाने जाते.

गच्ची मोकळी आणि पोरं दुपारी डुंबणार, तर सोलर. आजींना गुडघ्यांसाठी रोज सकाळी सहाला कोमट पाणी हवं असेल, तर हीट पंप.