सिमेंटची गोणी: पाठीवर की ढकलगाडीत?

गोणी ५० किलोची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायची कमाल मर्यादा ५५ किलो आहे, म्हणजे गोणी मर्यादेला टेकलेलीच.

पाठीवर न्यायची तर जमिनीवरून एकट्याने उपसू नये. दोघांनी गुडघ्यात वाकून ती आधी कमरेएवढ्या थप्पीवर ठेवावी, तिथून पाठीवर घ्यावी. वळताना पाय वळवा. ओझ्याखाली कंबर पिळली की मणक्यातली गादी सरकू शकते. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात घामेजल्या मानेवर सिमेंट बसलं की कातडी भाजते, म्हणून जाड फडकं हवंच. जिन्यावर कप्पी नसेल तर पाठीवर नेण्यावाचून दुसरा इलाज नाही.

सपाटीवर मात्र गाडीच बरी. दोन गोण्या सहज जातात, पण पुढे, चाकाजवळ ठेवा. मागे ठेवल्या तर सगळा भार मनगटांवर येतो. चाकात हवा कमी असली तर गाडी जड चालते, वळणावर कलंडते. खरी खोड तापीकाठच्या काळ्या मातीची: एक सर पडली की चाक रुततं, आणि हिसका देऊन काढताना कंबर धरते. वाटेवर जाड फळ्या सलग टाका, खिळ्यांची टोकं आधी ठोकून घ्या.