आजी की आशाताई?

बौद्धिक अपंगत्व असलेल्या बाळंतिणीला आधार कुणाचा? माहेर चोवीस तास हाताशी. पण तिथे आजीच बाळाला न्हाऊमाखू घालते, ‘तुला नाही जमायचं’ म्हणते, नि पोरगी कोपऱ्यातून बघत बसते. आशाताई, म्हणजे वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहाच वेळा येते. पण हुशार असेल तर औषधाच्या ड्रॉपरवर नेलपॉलिशची रेघ ओढते, ‘इथपर्यंत’ म्हणते आणि तिच्याच हातून तीनतीनदा भरून घेते. (आजीला हे पोरखेळ वाटतात.)

चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अशाच एका स्त्रीची मूल हवं ही इच्छा मानली. शिकवणी हवी ती त्यानंतर. मला विचाराल तर रात्रीला आजी, शिकायला आशाताई. फक्त बेचाळिसाव्या दिवशी तिचं येणं थांबू नये. वरणभात भरवायचं शिकणं तर पुढेच असतं.