महापेतली पीसीबी सेवा: पॅच अँटेनासाठी कितपत?

नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीतल्या या वर्कशॉपमध्ये साधे दोन थरांचे पीसीबी (सर्किटचे छापील बोर्ड) झकास होतात. पॅच अँटेनाचं, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या चपट्या तुकड्याच्या अँटेनाचं, प्रकरण वेगळं. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झचा पॅच एफआर-४ (नेहमीचं काचतंतू-इपॉक्सी बोर्ड) वर डायइलेक्ट्रिक काँस्टंट (बोर्डच्या मटेरियलचा विद्युत गुणांक) ४.४ धरून काढला आणि शीट ४.३ ची निघाली, तर रेझोनन्स (अँटेना सर्वांत चांगला चालतो ती फ्रिक्वेन्सी) सुमारे १८ मेगाहर्ट्झ वर सरकतो. म्हणून ऑर्डरवर ‘रॉजर्स ४००३सी’ असं लो-लॉस (सिग्नल कमी वाया घालवणाऱ्या) बोर्डचं पूर्ण नाव आणि जाडी लिहा; नुसतं ‘लो-लॉस’ लिहिलंत तर शिल्लक असेल ते लागतं.

तांबं ३५ नको, १८ मायक्रॉनचं मागा. जाड तांब्यात एचिंग कडा आतून खातं, फीडलाइन (पॅचला सिग्नल देणारी पट्टी) अरुंद होते आणि इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) ५० ओहमच्या वर जातो. फिनिश (तांब्यावरचा संरक्षक लेप) न सांगितल्यास निकेल-सोनं येतं. एक्स बँडला (८ ते १२ गिगाहर्ट्झ) निकेलचा लॉस जाणवतो. इमर्शन सिल्व्हर (चांदीचा पातळ लेप) बरं, फक्त हवाबंद ठेवा, काळं पडतं.

बॅचचा माग नाही, मटेरियल सर्टिफिकेट नाही. त्यामुळे प्रयोगशाळेपुरतं ठीक, विमानात बसवायला अजिबात नाही.

आणि हो, गर्बरसोबत (बोर्डच्या आराखड्याच्या फाइल्स) मापांचं चित्र द्याच. सर्क्युलर पोलरायझेशनसाठी (लहरी गोल फिरत जाव्यात म्हणून) कापलेले पॅचचे दोन कोपरे इथे चूक समजून सरळ केले जातात!