आयएफसी की सिटीजीएमएल? शहरासाठी इमारतींची माहिती मागवताना

टेंडरमध्ये ‘इमारतींची माहिती खुल्या मानकात द्यावी’, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशा ठरलेल्या फाइल-रचनेत द्यावी, एवढंच लिहून चालत नाही. खुली मानकं अनेक आहेत आणि प्रत्येकाला इमारत वेगळी दिसते. इमारतीची बाहेरची एक भिंत घेतली, तरी हा फरक लगेच कळतो.

बिल्डिंगस्मार्ट या संस्थेचं आयएफसी हे एकेका बांधकामाचं तपशीलवार मॉडेल लिहिण्याचं मानक. त्यात भिंत जाडीसकट येते. प्लास्टर, वीट, उष्णतारोधक थर असा क्रम लावता येतो आणि भिंतीतून किती उष्णता आरपार जाते तो आकडाही जोडता येतो. खिडकीसाठी भिंतीत आधी रिकामी जागा नोंदवली जाते, मग त्या जागेत खिडकी बसते. बांधकाम, देखभाल आणि पुढे पाडकामातून साहित्य परत वापरायचं असेल, तर एवढा तपशील हवाच. आयएफसी 4.3 हे 2024 पासून आयएसओ मानक आहे आणि त्यात रस्ते, पूल, रेल्वेही आले. सिंगापूरने बांधकाम परवानग्यांसाठी आयएफसी-एसजी ही स्वतःची आवृत्ती बेतून घेतली आहे.

सिटीजीएमएल हे अख्ख्या शहराचं त्रिमितीय मॉडेल लिहिण्याचं मानक. त्यात तीच भिंत म्हणजे बाहेरून दिसणारा एक पृष्ठभाग. थर मुळात नाहीत. ऊर्जेसाठी हवेच असतील तर एनर्जी एडीई नावाचा जोड लावावा लागतो. पण ही भिंत शहरात नेमकी कुठे आहे, कोणत्या दिशेला आहे, शेजारच्या इमारतीची सावली तिच्यावर पडते का, हे इथे सहज विचारता येतं. हेलसिंकीचा ऊर्जा आणि हवामान अ‍ॅटलास अशाच मॉडेलवर उभा आहे. जपानचा प्लॅटो प्रकल्पही सिटीजीएमएलमध्येच शहरांची मॉडेलं सगळ्यांसाठी खुली करतो.

सिटीजीएमएलच्या फाइली मात्र अवाढव्य होतात. म्हणून नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातून तीच माहिती आटोपशीर लिहिणारं सिटीजेसन आलं. त्यात सगळे बिंदू एकाच यादीत पूर्णांकांत ठेवतात आणि प्रत्येक पृष्ठभाग त्या यादीतले फक्त क्रमांक सांगतो. फाइल साधारण सहापट लहान होते आणि वेबवर काम करणाऱ्या मुलांना ती लगेच उलगडते. नेदरलँड्समधल्या सुमारे एक कोटी इमारतींचं थ्रीडीबॅग मॉडेल या रूपात डाउनलोड करता येतं. नवीन सुरुवात करणाऱ्या शहराला मी सिटीजेसनच सुचवेन.

जीबीएक्सएमएल या आणखी एका मानकाबद्दल थोडक्यात: एका इमारतीचं ऊर्जा-गणित करायला ते सोयीचं आहे, कारण कोणता पृष्ठभाग कोणत्या दोन खोल्यांच्या मध्ये आहे हे त्यात थेट लिहिलेलं असतं. काम झालं की बाजूला ठेवा. शहराची कायमची नोंद त्यात नको.

‘सगळं आयएफसीमध्ये घेऊ, शहराचं मॉडेल त्यातूनच काढू’ हा विचार मोहात पाडतो, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे. आयएफसीतून बाहेरचं कवच काढता येतं, पण ते बटण दाबून होत नाही. हजारो घटकांतून बाहेरचे पृष्ठभाग निवडावे लागतात, फटी बुजवाव्या लागतात. आणि जुन्या इमारतींचं काय? शहरातल्या बहुतेक इमारतींची आयएफसी फाइल कधी बनलेलीच नसते. त्या लायडार (लेझरने केलेली उंची-मोजणी) आणि इमारतीने जमिनीवर व्यापलेल्या जागेच्या नकाशांवरूनच उभ्या कराव्या लागतात, आणि तो माल सिटीजीएमएल किंवा सिटीजेसनमध्येच शोभतो. उलट दिशेने, कवचावरून भिंतीचे थर तर कधीच परत मिळत नाहीत.

म्हणून नव्या इमारतींसाठी वास्तुविशारदांकडून आयएफसी घ्या, शहर सिटीजेसनमध्ये ठेवा आणि दोन्हीकडे इमारतीचा ओळख क्रमांक एकच ठेवा. आपल्याकडच्या महापालिकांनी परवानगीच्या वेळीच तो क्रमांक दिला, तर पुढचं जोडकाम पुष्कळ वाचेल.

करारात आणखी दोन अटी घाला. पहिली, आवृत्ती स्पष्ट लिहा: आयएफसी 2x3 ही जुनी आवृत्ती अजून सर्रास चालतं, पण नकाशातल्या जागेशी मॉडेल जोडण्याची नीट सोय आयएफसी 4 पासून आली. ती जागेची माहिती भरली नाही, तर इमारत शहराच्या मॉडेलमध्ये भलतीकडे जाऊन पडते. दुसरी, खोल्यांच्या सीमा निर्यात झाल्याच पाहिजेत. बरेचदा निर्यात करताना त्या पर्यायावर खूण करायचीच राहून जाते आणि ऊर्जा सल्लागाराला खोल्या पुन्हा हाताने काढत बसावं लागतं.