जपानची रेल्वे, दहा महिन्यांच्या वापरानंतर: पास नको, तिकिटं घ्या

पुण्या-मुंबईहून जपानला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जेआर पास (जेआर गटाच्या गाड्यांत ठराविक दिवस फिरायचा पास) घ्यावा का? दहा महिने इथल्या गाड्यांनी फिरल्यावरचं उत्तर असं की टोकियो-क्योटो-ओसाका आणि परत टोकियो एवढाच बेत असेल तर मुळीच घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येनवर गेला आणि जुना हिशेब मोडला. टोकियो ते क्योटो नोझोमी या सगळ्यात जलद बुलेट ट्रेनचं आरक्षित तिकीट साधारण १४,१७० येन आहे. जाऊन-येऊन २८ हजारांच्या वर जरासं. हिरोशिमापर्यंत जाऊन परत आलात तरी सुमारे ४० हजारच होतात. शिवाय पासवर नोझोमीत बसायचं तर टोकियो-क्योटोला एका खेपेचा ४,९६० येन अधिभार पडतो, नाहीतर हिकारी या जरा हळू बुलेट ट्रेननं जावं लागतं. नोझोमीला सव्वादोन तास, हिकारीला दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास. इंटरनेटवर "पास घ्याच" सांगणारे बरेच जुने लेख अजून फिरत आहेत, त्यांची तारीख बघून मगच विश्वास ठेवा.

पैशांपेक्षा मोठं कारण दुसरं आहे. जपानमधली जी ठिकाणं बघायला एवढ्या लांब यायचं, त्यांतली बरीचशी जेआरच्या रुळांवर नाहीतच. कोयासान या देवळांच्या डोंगराला नानकाई जाते, हाकोनेला ओदाक्यू आणि हाकोने तोझान, इकोमाच्या देवळाला किनतेत्सु, इझुमो ताइशा या देवळाला इचिबाता. या सगळ्या खासगी कंपन्या आहेत आणि त्यांच्यावर जेआर पास चालत नाही. पास घेतलेला माणूस तो वसूल करायला बुलेट ट्रेनमध्येच बसून राहतो, आणि ज्या छोट्या गाड्यांत खरा जपान दिसतो त्या त्याला "जादा खर्च" वाटू लागतात.

आता तिकीट. जपानी जलद गाडीचं तिकीट म्हणजे दोन तिकिटं असतात, आणि नव्या माणसाचे निम्मे घोटाळे इथेच होतात. एक 'जोशाकेन', म्हणजे अंतराचं मूळ भाडं. दुसरं 'तोक्क्यूकेन', म्हणजे जलद गाडीचं आणि जागेचं शुल्क. कधी दोन्ही एकाच कागदावर छापून येतात, कधी वेगळी. वेगळी असतील तर स्टेशनच्या फाटकाच्या खाचेत दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच सरकवायची. एकच टाकलं तर फाटक बंद होतं आणि मागची रांग थांबते. पलीकडे बाहेर आलेली तिकिटं आठवणीनं उचलायची, कारण उतरताना पुन्हा लागतात.

जोशाकेनवरचं नाव नीट वाचा. अंतर २०० किलोमीटरच्या वर असेल तर कागदी तिकिटावर 'तोक्यो तोकुनाई' असं छापलेलं असतं. याचा अर्थ टोकियोच्या २३ वॉर्डांतल्या कोणत्याही जेआर स्टेशनवरून त्याच तिकिटावर प्रवास सुरू करता येतो. शिंजुकूला राहत असाल तर तिथल्याच जेआर फाटकात ते तिकीट घाला, टोकियो स्टेशनपर्यंतचं भाडं त्यात आलेलं आहे. तिथे सवयीनं सुइका (आधी पैसे भरून वापरायचं) कार्ड टेकवलं तर दोनदा पैसे जातात. उलट स्मार्ट-ईएक्स अ‍ॅपवर काढलेलं तिकीट फक्त टोकियो स्टेशन ते क्योटो स्टेशन एवढंच असतं. अ‍ॅपवर २०० येन स्वस्त मिळतं, पण शिंजुकूहून येण्यातच ते संपतात. तरीही अ‍ॅपच बरं वाटतं, कारण गाडी सुटेपर्यंत कितीही वेळा वेळ बदलता येते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. देवळात रेंगाळायची मुभा त्यामुळे मिळते. एकच काळजी घ्या: भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आणि ओटीपी सुरू आहे का, हे घरून निघण्याआधी तपासा.

जागा निवडताना टोकियोहून क्योटोकडे जाताना ई मागा. ती उजवीकडची खिडकी, आणि फुजी त्याच बाजूला दिसतो, सुटल्यापासून पाऊण तासाच्या आसपास, शिन-फुजी स्टेशनजवळ. थंडीतल्या सकाळी तो स्वच्छ दिसतो. उन्हाळ्यात आणि पावसाळी दिवसांत बहुतेक वेळा ढगच.

सुइका किंवा इकोका कार्ड मात्र पहिल्याच दिवशी घ्या. रोख येन भरून चालतं, एका वेळी जास्तीत जास्त २०,००० येन शिल्लक ठेवता येते. लोकल, मेट्रो, बस, दुकानं, लॉकर, सगळीकडे उपयोगी. पण कार्डाला हद्दी आहेत, आणि हे कुणी आधी सांगत नाही. टोकियोत सुइका टेकवून साध्या गाडीनं आतामीच्या पुढे मिशिमाला उतरलात तर फाटक उघडत नाही, कारण तिथून दुसऱ्या कंपनीचं क्षेत्र सुरू होतं. मग खिडकीवर पूर्ण भाडं रोख भरायचं, एक चिठ्ठी घ्यायची, आणि कार्डावरची अर्धवट नोंद परतल्यावर सुइकाच्या क्षेत्रात पुसून घ्यायची. तोवर ते कार्ड फाटकावर चालत नाही. हद्द ओलांडायची असेल तर सरळ कागदी तिकीट काढा.

गाडीत बसण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात: ती कुठे थांबते, आणि मध्येच तुटते का. फुशिमी इनारी हे तोरणांच्या रांगांचं देऊळ क्योटोहून नारा मार्गावर दुसरंच स्टेशन, पाच मिनिटांवर. पण नाराला जाणारी मियाकोजी जलद गाडी तिथे थांबत नाही. समोर आली म्हणून चढलात की तोरणांची रांग खिडकीतूनच मागे जाते. साधी लोकल धरा. तसंच ओसाकाहून कानसाई विमानतळाला जाणारी जलद गाडी हिनेनोला दोन भागांत तुटते: १ ते ४ डबे विमानतळाला, ५ ते ८ वाकायामाकडे. मागच्या डब्यात झोप लागली आणि विमान सुटलं, ही भीती खोटी नाही. डब्याचा नंबर दारावर आणि फलाटावरच्या खुणेवर लिहिलेला असतो.

सामानाचा नियम ऐकायला कठीण, पाळायला सोपा. तोकाईदो (टोकियो-ओसाका), सान्यो (ओसाका-फुकुओका) आणि क्यूशू या मार्गांवरच्या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीपर्यंतची बॅग कुठेही चालते. त्याहून मोठी, २५० सेंमीपर्यंतची, असेल तर डब्यातल्या शेवटच्या रांगेची 'मोठ्या सामानासह' जागा आरक्षित करावी लागते. तिला जादा पैसे नाहीत, मात्र आरक्षण न करता आणलीत तर १,००० येन. विमानात चेक-इनला चालणारी १५८ सेंमीची बॅग जेमतेम बसते. पण आमचं मत असं की मोठी बॅग गाडीत आणूच नये. हॉटेलच्या काउंटरवरून 'ताक्क्यूबिन' या सामान पोचवणाऱ्या सेवेनं पुढच्या हॉटेलला पाठवा, मुख्य बेटावर बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. बॅगेला आकारानुसार साधारण दोन-तीन हजार येन पडतात. पाठीवर एका रात्रीची पिशवी घेऊन कोयासानची केबल कार चढण्यात आणि २३ किलोची बॅग ओढत चढण्यात फार फरक आहे.

कोयासानबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी माणसाला जपानमध्ये सगळ्यात जवळचं वाटेल असं ठिकाण बहुधा हेच. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नानकाईची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते. थेट विशेष जलद गाडीला सुमारे ऐंशी मिनिटं, साध्या गाडीला हाशिमोतोला बदल. शेवटच्या टप्प्यात गाडी डोंगराच्या कुशीतून रुळांचा करकर आवाज करत हळूहळू वळत जाते. खाली उतरलं की पाच मिनिटांची केबल कार आणि वर बस. तो बसचा रस्ता फक्त बससाठी आहे, पायी जायला बंदी आहे, म्हणून "जवळच तर आहे, चालत जाऊ" असा बेत करू नका. नाम्बाहून फार तर दुपारी एक-दीडला निघा. देवळातल्या मुक्कामाला, म्हणजे 'शुकुबो'ला, संध्याकाळी साडेपाच-सहालाच जेवण वाढतात आणि उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही.

ते जेवण 'शोजिन र्‍योरी'. मांस, मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. सार काढतात ते कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीचं आणि शिताके आळंब्यांचं. तिळाचं 'गोमा-दोफू' आणि थंडीत गोठवून वाळवलेलं 'कोया-दोफू' ही इथली ओळख. जपानमध्ये इतरत्र शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही बोनितो माशाचं पाणी असतं, त्यामुळे पूर्ण निर्धास्त होऊन जेवता येईल अशी जागा म्हणून याची किंमत मोठी.

हा डोंगर कूकाई या भिक्षूनं ८१६ मध्ये शिंगोन या बौद्ध पंथासाठी मिळवला. काही देवळांत पहाटे 'गोमा' होतो. शब्द ओळखीचा वाटतो ना? तो होमच आहे, संस्कृतातून चीनमार्गे इथे आलेला: अग्नी, समिधा, आहुती, मंत्र. ओकुनोइन स्मशानात दोन किलोमीटरच्या वाटेवर दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत, उंच देवदारांच्या सावलीत. त्यांतल्या पाच दगडांच्या समाध्या, 'गोरिंतो', नीट बघा. खालून वर पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. दगडांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं कोरलेली असतात: अ, व, र, ह, ख. देवनागरी वाचणाऱ्याला वळणं ओळखता येत नाहीत, पण उच्चार आपलेच. माहितीपत्रकात हे क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून इथे लिहिलं.

गणपती बघायचा असेल तर ओसाकाहूनच किनतेत्सुनं इकोमाला या, वीसेक मिनिटांचा रस्ता. तिथून होझानजीला जाणारी केबल कार १९१८ ची, जपानमधली पहिली. डबे चक्क कुत्रा आणि मांजराच्या रूपाचे आहेत, मुलं खूश होतात. वर देऊळ कांगितेनचं, म्हणजे आपल्या विनायकाचंच जपानी रूप. मूर्ती मात्र दर्शनाला खुली नसते. देव झाकलेलाच ठेवायचा हा इथला रिवाज आहे, तेव्हा नुसतं हात जोडून परत या.

छोट्या मार्गांवर एका डब्याच्या 'वानमान' गाड्या धावतात. चालकच सगळं बघतो. चढताना मागच्या दारातून चढा, यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढा. समोरच्या फलकावर त्या नंबराखाली भाडं वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके सुटे पैसे पेटीत टाकायचे. सुटे करायचं यंत्र बहुधा हजाराचीच नोट घेतं, दहा हजाराची काढलीत तर चालकही हतबल. कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. थंड भागात दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. दोन गाड्यांमध्ये दोन-दोन तासांचं अंतर असू शकतं, म्हणून जायच्या आधी यायची गाडी ठरवा.

रात्रीच्या गाडीत झोपून जाण्याची आपली सवय इथे एकाच नियमित गाडीत भागते. सनराइज टोकियोहून रात्री ९:५० ला सुटते, पहाटे ओकायामाला तुटते, एक भाग ताकामात्सुला जातो आणि दुसरा इझुमोला सकाळी दहाच्या सुमारास पोचतो. 'नोबिनोबि' ही गालिचा घातलेली सपाट जागा सगळ्यात स्वस्त. आरक्षण बरोबर महिनाभर आधी सकाळी दहाला उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांचं लगेच संपतं. इझुमो ताइशाला नमस्कार करताना इतर देवळांसारख्या दोन नाही, चार टाळ्या वाजवतात.

आधुनिक बाजूसाठी खास काही करायची गरज पडत नाही. टोकियोतल्या यामानोते लाइनचं ३४.५ किलोमीटरचं पूर्ण वर्तुळ, ३० स्टेशनं, तासाभरात होतं. सकाळी साडेसात ते नऊ टाळा. टोकियोतल्याच ओदाइबाला जाताना चालक नसलेली युरिकामोमे घ्या आणि अगदी पुढची सीट मिळेपर्यंत एक गाडी सोडा, रेनबो पूल समोरून अंगावर येतो.

खाण्याचं: शिंकान्सेनमध्ये खायला हरकत नाही, लोकल-मेट्रोत खात नाहीत. तोकाईदोवरची फिरती विक्री ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली, म्हणून 'एकिबेन' हा जेवणाचा डबा स्टेशनवरच घ्या. मांसाहार करणाऱ्यांसाठी सेंदाई शहरातली, दोरी ओढून गरम होणारी एकिबेनची पेटी मजेची आहे. तळाशी कळीचा चुना असतो, दोरी ओढली की त्यावर पाणी पडतं. शाकाहारी मंडळींना मात्र स्टेशनवर उमेबोशी ओनिगिरीच्या (खारवलेलं आंबट फळ घातलेल्या भाताच्या गोळ्याच्या) पलीकडे फारसं हाती लागत नाही. पोळ्या आणि कोरडी चटणी बरोबर ठेवा.

आमची खरी नाराजी एकच: मार्च २०२४ मध्ये होकुरिकू शिंकान्सेन त्सुरुगापर्यंत आली, आणि क्योटोहून कानाझावाला आधी एका गाडीत बसून जाता यायचं ते संपलं. आता त्सुरुगाला उतरून वरच्या मजल्यावर गाडी बदलावी लागते, हाताशी आठेक मिनिटं. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर आठ मिनिटांची जोडगाडी न घेता त्यानंतरची घ्या.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांसाठी वादळाची गोष्ट. गाड्या बंद ठेवायचं अनेकदा आदल्या दिवशीच जाहीर करतात. रद्द झालेल्या गाडीचे पूर्ण पैसे परत मिळतात, आणि जलद गाडी दोन तास किंवा जास्त उशिरा पोचली तर तोक्क्यूकेनचे. तिकीट फाडू किंवा टाकू नका, परताव्याला तेच लागतं. २९ एप्रिल ते ५ मेचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्ट मध्याचा ओबोन सण आणि नववर्षाच्या आसपास नोझोमीत बिनआरक्षित डबाच नसतो. त्या दिवसांत प्रवास अटळ असेल तर कोदामा बघा. ती प्रत्येक स्टेशनवर थांबते, क्योटोला पावणेचार तासांच्या आसपास लावते, पण जागा बहुधा मिळते.