खोक्यावरचा नंबर वाचून दाखवणारा माणूस

नवीन वस्तू घरात आली की चार जणांना दाखवावीशी वाटते, त्यात वावगं काही नाही. वस्तूचा फोटो खुशाल टाका. खोक्याचा आणि बिलाचा मात्र चुकूनही टाकू नका.

माझं लातूरला औसा रोडवर फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या डिझाइनचं दुकान आहे. भाचा माझ्याकडेच राहतो, बीएफएच्या, म्हणजे ललित कलेच्या पदवीच्या, सीईटीची तयारी करतो. त्याच्यासाठी ड्रॉइंग टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरवर पेनानं चित्र काढायची पाटी, आणि ऑनलाइन क्लाससाठी ब्लूटूथ हेडफोन असं एकाच ऑर्डरमध्ये मागवलं. पोरगं हरखून गेलं. पलंगावर सगळं मांडून त्यानं फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला, खातं सगळ्यांना उघडं. फोटोत टॅबलेट, पेन, हेडफोन, मागं दोन्ही खोकी आणि कडेला बिल. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्याच्याच शेजारी बारकोड आणि सीरियल नंबर असतो. बिलावर माझं नाव, मोबाइल, ऑर्डर नंबर. आताच्या फोनचे कॅमेरे असे की फोटो बोटांनी मोठा केला की बारीक अक्षरंही बऱ्याचदा वाचता येतात.

पुढच्या आठवड्यात दुकानात फोन आला. हिंदीतून, अगदी अदबीनं. ‘सर, आपके दोनों प्रॉडक्ट की वॉरंटी के लिए कॉल है. सीरियल नंबर हम पढ़ते हैं, आप बस मिलाते जाइए.’ खोकी दुकानातच ठेवलेली होती. तो वाचत गेला, मी स्टिकरवर बोट ठेवून जुळवत गेलो. दोन्ही नंबर बरोबर. बिलाची तारीख बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. आपल्याला सगळ्यांनी हेच शिकवलंय की ठग माहिती विचारतो. हा काहीच विचारत नव्हता, उलट सांगत होता. सगळी मेख इथंच आहे.

मग म्हणाला, ह्या लॉटच्या बॅटऱ्या सदोष निघाल्यात, हेडफोनची पण आणि पेनची पण, गरम होऊन फुटू शकतात. कंपनी दोन्ही वस्तू बदलून देणार, कुरियरवाला घरून घेऊन जाईल, बुकिंगचे फक्त १० रुपये भरा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये टाकायचं अ‍ॅप. ती टाकल्यावर अ‍ॅपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली. दुकानात गिऱ्हाईक उभं, वाढदिवसाच्या बॅनरची घाई, मी ‘अलाउ’ दाबलं. पुढच्या पानावर डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. १० रुपयेच जाणार म्हटल्यावर कोण कशाला खळखळ करतो?

मेसेज वाचायची परवानगी एकदा दिली की ओटीपी तुम्ही कुणाला सांगायची गरजच उरत नाही. तो तुमच्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी तिकडं पोचतो. वर हा गडी ‘सर्व्हर स्लो आहे, फोन ठेवू नका’ म्हणून मला बोलण्यात गुंतवून ठेवत होता. बँकेचा मेसेज बघायला मला फुरसतच मिळू नये, एवढ्यासाठीच.

तेवढ्यात भाचा आला. मी हातानंच खूण केली आणि फोनवर हात ठेवून सांगितलं, पेनची बॅटरी बदलून देणार आहेत.

‘मामा, ह्या पेनला सेलच नाही की!’

खरंच नाही. ह्या जातीच्या टॅबलेटमध्ये पाटीच्या पोटात तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि पेनातल्या बारीक वेटोळ्याला त्यातूनच वीज मिळते. चार्जिंगची कटकट नको म्हणून पोरानं मुद्दाम असलं पेन निवडलं होतं. ठगाला खोक्यावरचं सगळं पाठ होतं, पण आतली वस्तू त्यानं कधी हातात धरलेली नव्हती.

फोन कापला तोवर २४,९९९ रुपये गेलेले. भाच्यानं माझा मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला. त्याच्या फोनवरून कार्डाच्या पाठीमागचा नंबर लावून कार्ड बंद करायला सांगितलं, तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घेतली, लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. इथं एक नंबर झालं काम: वेळ लिहून घेणं. कारण कार्ड बंद करायला सांगितल्यानंतरही ९,८०० रुपयांचा आणखी एक व्यवहार झाला.

शाखेत गेलो तर साहेबांचं एकच पालुपद, ‘ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता ना? मग बँक काय करणार?’ मी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची प्रत पुढं ठेवली. ग्राहकाच्या हलगर्जीपणानं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. वाद घालून उपयोग झाला नसता, कागदावरची वेळ बोलली. ९,८०० रुपये खात्यात परत आले. मोठ्या रकमेतले काही पैसे १९३० मुळं दुसऱ्या एका बँकेत अडकवून ठेवलेत, ते अजून मिळायचेत. बाकीचे गेले ते गेलेच. मोबाइल रिसेट मारून घेतला, नुसतं अ‍ॅप काढून माझं समाधान होईना.

वॉरंटीसाठी कंपनी स्वतःहून फोन करत नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही, एखादी करतही असेल. पण असा फोन आला तर ठेवून द्या आणि खोक्यावर किंवा बिलावर छापलेल्या ग्राहक सेवेच्या नंबरवर आपण उलटा लावा. गूगलवर शोधलेल्या नंबरवर नको, तिथंही ह्यांनी दुकानं मांडलीत.

आणि एकदा फसलात की फोन थांबतात असं समजू नका. परवा पुन्हा एक आला. ‘सायबर सेल से बोल रहे हैं, आपका २४,९९९ रिलीज हो गया, फाइल चार्ज भरना पड़ेगा.’ रकमेचा आकडा बरोबर, बँकेचं नाव बरोबर. माझा अंदाज, हे तेच किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेले. भाच्यानं फोन हातातून घेतला आणि विचारलं, ‘चार्ज कशाचा? तक्रारीला एक रुपया पडत नाही. तुमचं नाव आणि ठाणं सांगा, मामाला घेऊन तिथंच येतो.’ पलीकडून सणसणीत शिवी आली आणि फोन बंद झाला.