नवे इंजिन संथ का धावते? डीसी आणि डीसीसी यांतली निवड

मॉडेल रेल्वेतले, कारखान्यातूनच आवाजाचा डीकोडर (आज्ञा वाचून मोटर आणि आवाज चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) बसवून आलेले एचओ मापाचे (१:८७) नवे इंजिन जुन्या डीसी कंट्रोलरवर, म्हणजे नॉब फिरवून रुळांवरचा विद्युतदाब कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, चालवले की तक्रार ठरलेली असते: नॉब अर्धा फिरेपर्यंत ते हलत नाही आणि पूर्ण फिरवला तरी जुन्या इंजिनाचा वेग गाठत नाही. मलाही ते सदोष वाटले होते आणि परत करण्यासाठी मी खोके बांधूनही ठेवले होते. दोष इंजिनाचा नव्हता. रुळांवर येणाऱ्या साधारण बारा व्होल्टांपैकी सुरुवातीचे पाच-सहा व्होल्ट डीकोडर जागा होण्यातच जातात आणि त्यानंतरही मोटरला मिळणारा विद्युतदाब रुळांवरच्या दाबापेक्षा कमीच राहतो. बिनडीकोडरच्या इंजिनाची मोटर थेट रुळांना जोडलेली असल्यामुळे ते दोन-तीन व्होल्टांवरच सरकू लागते.

अर्थात ‘संथ’ म्हणजे किती, हेही एकदा पाहून घ्यावे. ताशी १०० किलोमीटरने धावणारी लोकल १:८७ या प्रमाणात एक मीटर अंतर सुमारे तीन सेकंदांत कापते. आपल्या डोळ्यांना खेळण्यातल्या गाडीच्या वेगाची सवय झालेली असते, त्यामुळे पुष्कळदा योग्य वेगही रटाळ वाटतो. नवे इंजिन दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास फिरवल्यावर थोडे मोकळे होते, पण फरक थोडाच पडतो.

एकच इंजिन, एकच अंडाकृती मार्ग आणि पलंगाखाली सरकणारी प्लायवूडची फळी, एवढाच संसार असेल तर डीसी मला आजही वाईट वाटत नाही. डीकोडर काढून त्याच्या जागी जोडण्या पूर्ण करणारा साधा प्लग बसवला की तेच इंजिन त्याच नॉबवर चटकन निघते. आवाज तेवढा जातो. (त्या आवाजासाठीच जादा पैसे मोजलेले असतात, म्हणून ‘तेवढा’ म्हणणे तसे बरोबर नाही.) शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात रुळांवर काळसर, चिकट थर धरतो, तो डीसी बऱ्यापैकी सोसते, इंजिन अडखळते आणि पुढे जाते. डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना अंकीय आज्ञा पाठवणाऱ्या पद्धतीत, त्याच जागी आवाज तुटतो आणि डीकोडर पहिल्यापासून सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फडके मी हाताशीच ठेवतो.

माझा डीसीसीचा निर्णय मात्र बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, झाला. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून लागणारी इंजिने ज्याने लहानपणापासून पाहिली आहेत, त्याला आपल्या लेआउटवर भोर घाटाचा एखादा तुकडा हवासा वाटतोच. मीही तो १:३७ या घाटातल्याच चढाने बांधला आणि पुढे नवे, मागे जुने इंजिन लावले. नॉब फिरवताच मागचे जुने इंजिन ढकलू लागे आणि पुढचे ढिम्म उभे राही, त्यामुळे मधल्या रिकाम्या वाघिणी वळणावर बाहेरच्या अंगाला फुगून एकेक करून रुळांवरून उतरत. जागा बदलून पाहिल्या, तर जुने इंजिन पुढून ओढी, नवे मागे चाके न फिरवता लोढण्यासारखे घासत येई आणि वाघिणी आता आतल्या अंगाला कलंडत. नॉब हळू फिरवून, झटक्यात फिरवून, नव्या इंजिनाला बोटाने ढकलूनही पाहिले. एकाच नॉबवर एक तीन व्होल्टांवर निघणार आणि दुसरे सहावर, तर त्यांची जोडी जमावी तरी कशी?

डीसीसीमध्ये रुळांवरचा विद्युतदाब कायम सारखा असतो, एचओसाठी सुमारे पंधरा व्होल्ट, आणि वेगाची आज्ञा प्रत्येक इंजिनाच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे जाते. त्यामुळे नव्या इंजिनाचा संथपणा पहिल्याच दिवशी गेला. जुन्यात डीकोडर बसवून त्याचा कमाल वेग सीव्ही ५ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली बदलता येणारी क्रमांकित नोंद) मधून खाली आणला आणि निघण्याचा बिंदू सीव्ही २ मधून जुळवला. दोन रविवार त्यात गेले, पण वाघिणींशिवाय सोडलेली दोन्ही इंजिने आता एकमेकांतले अंतर राखून फेरी पुरी करतात. डीसीसीवरही एखादे इंजिन आळसावल्यासारखे निघाले, तर बहुधा सीव्ही ३ मध्ये प्रवेगाचा विलंब जास्त ठेवलेला असतो. तो कमी करावा.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. डीसीसीच्या संचाच्या किमतीत मला आणखी एक इंजिन घेता आले असते, आणि घरात हा हिशेब अजून कोणी विचारलेला नाही. ज्यांना दोन इंजिने कधीच एकत्र चालवायची नाहीत, त्यांनी हा खर्च करावाच असे मी म्हणणार नाही. बाकीच्यांनी निदान नव्या इंजिनातला डीकोडर काढण्याची घाई करू नये. जुन्या इंजिनात डीकोडर बसवणार असाल, तर मोटरचे दोन्ही ब्रश धातूच्या चौकटीपासून आणि रुळांच्या जोडणीपासून पूर्ण विलग आहेत ना, हे आधी तपासावे, नाहीतर डीकोडर पहिल्याच क्षणी जळतो.